वाचकांचे प्रश्न : भ्रूणात ग्लिया पेशी घडतात कशा?

चेतापेशींच्या सोबतीने राहून त्यांचे पोषण, संरक्षण आणि विद्युतरोधन करणाऱ्या ग्लिया पेशींविषयी या सदरात मागे लिहिले होते. भ्रूणाच्या चेतासंस्थेत पुष्कळदा एकच पूर्वज पेशी चेतापेशींनाही जन्म देते आणि ग्लियालाही, असे एक वाक्य त्या लेखात होते. त्या एका वाक्यावरून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण विषयाचा गाभा तिथे आहे.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. फळमाशीमधील ‘ग्लिअल सेल्स मिसिंग’ हे जनुक ग्लियाचे ‘मास्टर जनुक’ आहे, असे आमच्या पुस्तकात म्हटले आहे. त्याच पानावर पुढे रेपो, पॉइंटेड आणि ट्रॅमट्रॅक अशी आणखी तीन नावे येतात. एकच जनुक सगळे ठरवत असेल, तर उरलेल्या तिघांची गरज काय?

उत्तर : आपल्याला पडलेली शंका रास्त आहे, आणि ती ‘मास्टर’ या शब्दामुळे निर्माण झाली आहे. हा शब्द अगदीच चुकीचा नाही, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो.

आधी त्याची बरोबर असलेली बाजू पाहू. ‘ग्लिअल सेल्स मिसिंग’, थोडक्यात जीसीएम, या जनुकाची ओळख १९९५ मध्ये पटली. ज्या भ्रूणांत हे जनुक निकामी होते, त्यांत जवळजवळ सर्व पार्श्व ग्लिया (चेतारज्जूच्या मध्यरेषेवरच्या सोडून बाकीच्या) नाहीशा होतात; जनुकाला मिळालेले नाव त्यावरूनच आले आहे. पण या पेशी मरून जात नाहीत. ज्या पेशींनी ग्लिया व्हायचे, त्या चेतापेशी होतात. उलट हेच जनुक चेतासंस्थेच्या पूर्वज पेशींत सर्वत्र चालू केले, तर ज्यांनी चेतापेशी व्हायचे, त्यांतील बहुतेक पेशी ग्लियाच्या मार्गाला लागतात. एका जनुकाच्या असण्या-नसण्याने पेशीचे भवितव्य दोन्ही दिशांना पालटावे, असे क्वचितच आढळते, आणि ‘मास्टर’ हे बिरुद त्यामुळेच चिकटले.

आता दुसरी बाजू. जीसीएमपासून तयार होणारे प्रथिन हा एक ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर, म्हणजे प्रतिलेखन घटक आहे. डीएनएवरील विशिष्ट अक्षरक्रम ओळखून ते तिथे बसते आणि जवळच्या जनुकाचे प्रतिलेखन, म्हणजे त्याची आरएनए प्रत काढणे, सुरू करून देते. मात्र हे प्रथिन पेशीत फार काळ टिकत नाही. फळमाशीचा भ्रूण सुमारे एका दिवसात अंड्याबाहेर येतो, आणि त्या एका दिवसाच्या मधल्या काही तासांतच जीसीएम प्रकट होते आणि ओसरते. ग्लिया पेशीला मात्र आपल्या जागी सरकत जायचे असते, अक्षतंतूंना (चेतापेशींच्या लांब धाग्यांना) वेढायचे असते, रक्त-मेंदू अडथळा उभारायचा असतो आणि पुढे आयुष्यभर ग्लियाच राहायचे असते. ज्याने निर्णय घेतला तोच निघून गेल्यावर निर्णयाची अंमलबजावणी कोण करणार? आपण नमूद केलेली तीन नावे इथे येतात.

रेपो, पॉइंटेड आणि ट्रॅमट्रॅक ही तिन्ही जनुके ग्लियामध्ये जीसीएममुळे चालू होतात आणि तिघांचीही प्रथिने स्वतः प्रतिलेखन घटक आहेत. रेपो हे ‘रिव्हर्स्ड पोलॅरिटी’चे लघुरूप आहे. या जनुकात बिघाड असलेल्या प्रौढ माशीच्या डोळ्यावर प्रकाश टाकला, की डोळ्यात उमटणारा विद्युत प्रतिसाद नेहमीच्या उलट दिशेने येतो. नाव पडले ते डोळ्यावरून, पण जनुकाचे खरे क्षेत्र निघाले ग्लिया. रेपो जनुकाच्या सुरुवातीआधीच्या नियामक पट्ट्यात, म्हणजे ते कधी चालू व्हावे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या भागात, जीसीएमला बसण्याच्या एक-दोन नव्हे, तर अकरा जागा आहेत. जीसीएम गेल्यानंतरही रेपोचे प्रथिन ग्लियाच्या केंद्रकात टिकून राहते.

रेपो निकामी असेल, तर ग्लिया जन्माला येतात, पण परिपक्व होत नाहीत. नंतरच्या काळात त्यांच्यात दिसायला हवी ती प्रथिने दिसत नाहीत. जन्म आणि परिपक्वता ही दोन वेगळी कामे आहेत, हे यावरून उघड होते. परंतु रेपोसुद्धा सगळीकडे एकट्याने काम करत नाही. जपानमधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले, की रेपो डीएनएवरील सी-ए-ए-टी-टी-ए हा सहा अक्षरी क्रम ओळखून जनुके चालू करू शकते, पण त्याला कोणाची जोड लागते हे जनुकानुसार आणि ग्लियाच्या प्रकारानुसार बदलते. काही जनुकांसाठी रेपो एकटे पुरते, काहींसाठी त्याला पॉइंटेडची साथ लागते, तर काहींसाठी ट्रॅमट्रॅकची.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘कर’ हा शब्द घ्या. ‘कर जोडले’, ‘कर भरला’ आणि ‘एवढे काम कर’ या तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच आहेत. अर्थ ठरतो तो शेजारच्या शब्दावरून. रेपोचे प्रथिन सगळ्या पार्श्व ग्लियांत तेच असते. ते कोणते जनुक चालू करील, हे त्याच्या शेजारी डीएनएवर कोण बसले आहे यावर अवलंबून असते.

यात ट्रॅमट्रॅकची भूमिका थोडी निराळी आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तिला हवी तेवढी जागा मिळत नाही असे मला वाटते. ट्रॅमट्रॅक हे मुख्यतः दमन करणारे प्रथिन आहे. चेतापेशी घडवणारी जनुके ते दाबून ठेवते. म्हणजे जीसीएम एकाच वेळी दोन दिशांनी काम करते : रेपो आणि पॉइंटेड यांच्यामार्फत ग्लियाची जनुके उघडली जातात आणि ट्रॅमट्रॅकमार्फत चेतापेशीची वाट बंद होते. ही दुसरी क्रिया झाली नाही, तर पेशी दोन भवितव्यांच्या मध्ये अडकून पडण्याचा धोका असतो. पेशीला ग्लिया ‘होण्या’साठी चेतापेशी ‘न होणे’ही तितक्याच काळजीने साधावे लागते.

आणखी एक बारकावा सांगतो. लोको नावाचे एक जनुक ग्लियामध्ये चालू असते. त्याच्या नियामक पट्ट्याचा अभ्यास केल्यावर दिसले, की तिथे जीसीएम बसते आणि पॉइंटेडही बसते, आणि दोघांच्या एकत्र असण्याने लोकोला खरा जोर येतो. आता, पॉइंटेड चालू कोणी केले? जीसीएमनेच. म्हणजे जीसीएम आधी आपला साथीदार तयार करते आणि मग त्याच्या जोडीने पुढचे जनुक चालू करते. या रचनेचा एक फायदा असा, की जीसीएम क्षणभर चुकून प्रकट झाले तर लोकोला पूर्ण जोर येत नाही. साथीदार तयार होईपर्यंत जीसीएमला टिकून राहावे लागते. ही रचना लक्षात ठेवा, कारण पुढे उंदराच्या मेरुरज्जूत ती पुन्हा भेटणार आहे.

प्रश्न : जीसीएम हे माशीच्या रक्तपेशींतही असते असे वाचले. मग रक्तपेशींच्या ग्लिया का होत नाहीत?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. भ्रूणातील रक्तपेशींच्या विकासात जीसीएम आणि त्याच्या शेजारीच असलेले त्याचे भावंड जीसीएम-२ ही दोन्ही जनुके भाग घेतात. पण रक्तपेशींच्या वंशात त्यांच्याही आधी सर्पंट नावाचा प्रतिलेखन घटक कार्यरत झालेला असतो, तर चेतासंस्थेच्या पूर्वज पेशींत निराळेच घटक असतात. जीसीएम पेशीत येते तेव्हा क्रोमॅटिनचा (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा) कोणता भाग उघडा आहे आणि कोणाची सोबत उपलब्ध आहे, हे आधीच ठरलेले असते. सूचना एकच असली तरी ऐकणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत.

इथेही एकमेकांना अडवण्याचा भाग आहे. ग्लियामध्ये रेपो असते, ते केवळ ग्लियाची जनुके चालू करण्यासाठी नव्हे. ते रक्तपेशीकडे जाणारी वाट दाबून धरते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. जीसीएमची ताकद दोन्ही दिशांना जाऊ शकते म्हणूनच हा बंदोबस्त आवश्यक ठरतो.

प्रश्न : ‘दोन घटक सहकार्याने काम करतात’ असे वाक्य वारंवार वाचतो. हे नुसते बोलण्याची पद्धत आहे, की ते मोजता येते?

उत्तर : ते मोजता येते, आणि मोजल्याशिवाय तसे म्हणू नये. पद्धत अशी : ज्या जनुकाचा अभ्यास करायचा, त्याचा नियामक पट्टा घेऊन तो काजव्याच्या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे ल्युसिफरेजच्या जनुकापुढे जोडतात. पट्टा जितका सक्रिय, तितका प्रकाश अधिक. समजा, पहिल्या घटकाने प्रकाश ३ पट वाढला आणि दुसऱ्याने ४ पट. दोन्ही एकत्र दिल्यावर वाढ ६-७ पटींच्या आसपास राहिली, तर दोघे आपापले काम शेजारी बसून करत आहेत, एवढेच म्हणता येईल. पण ती ३० किंवा ४० पट झाली, तर त्यांच्यात खरे सहकार्य आहे. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) त्यानंतर पट्ट्यातील एका घटकाची बसण्याची जागा अक्षरे बदलून मोडायची. तेवढ्याने दोघांचाही परिणाम कोसळला, तर पुरावा पक्का होत जातो.

एक प्रत्यक्ष उदाहरण जवळून पाहू. तारकापेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, हा ग्लियाचाच प्रकार आहे आणि जीएफएपी हे तिच्या ओळखीचे प्रथिन आहे. उंदराच्या भ्रूणातील मेंदूच्या पूर्वज पेशींना एलआयएफ हा संकेत दिला तर काही तारकापेशी तयार होतात, आणि बीएमपी-२ हा संकेत दिला तरी काही होतात. पण दोन्ही एकदम दिले तर बेरजेपेक्षा पुष्कळ अधिक होतात. एलआयएफमुळे पेशीत स्टॅट-३ हा घटक जागा होतो, तर बीएमपीमुळे स्मॅड-१. गंमत अशी, की हे दोघे एकमेकांना थेट स्पर्श करत नाहीत. पी-३०० नावाचे एक मोठे प्रथिन मध्ये असते; त्याच्या एका टोकाला स्टॅट-३ धरते आणि दुसऱ्या टोकाला स्मॅड-१. हे १९९९ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा ‘सहकार्य’ म्हणजे दर वेळी दोन घटकांची हातमिळवणीच असते असे नाही. कधी ते तिसऱ्याच्या मध्यस्थीने घडते, कधी एक घटक क्रोमॅटिन उघडून देतो आणि दुसरा आत येतो, तर कधी दोघे शेजारच्या जागांवर बसून एकमेकांना जागेवर टिकवून धरतात.

प्रश्न : माणसाच्या भ्रूणातही जीसीएम हेच ग्लिया ठरवते का?

उत्तर : नाही. माशीवरून माणसाकडे जाताना किती सावध राहावे लागते, याचे हे फार बोलके उदाहरण आहे. सस्तन प्राण्यांत जीसीएमची दोन भावंडे आहेत. त्यांतील जीसीएम-१ मुख्यतः वारेच्या विकासासाठी लागते आणि जीसीएम-२ परावटू ग्रंथींसाठी. ग्लियाच्या निर्णयाची मुख्य सूत्रे दुसऱ्याच घटकांच्या हाती आहेत. नावे बदलली, कामाची तऱ्हा मात्र बरीचशी तीच राहिली, आणि मला या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच.

उंदराचे गर्भारपण साधारण १९-२० दिवसांचे असते. त्याच्या मेरुरज्जूत आधी चेतापेशी तयार होतात आणि सुमारे बाराव्या दिवसाच्या आसपास त्याच पूर्वज पेशी ग्लियाकडे वळू लागतात. या वळणावर सॉक्स-९ हा घटक महत्त्वाचा आहे. मेरुरज्जूतून तो काढून टाकला, तर ग्लियाची सुरुवात रखडते आणि चेतापेशींची निर्मिती लांबते. सॉक्स-९ आधी एनएफआयए या दुसऱ्या घटकाचे जनुक चालू करतो आणि एनएफआयए तयार झाल्यावर त्याच्याशी संयुग करून तारकापेशींच्या पुढच्या जनुकांवर जाऊन बसतो. हे २०१२ मध्ये दाखवले गेले. वर लोको जनुकाविषयी लिहिले होते ते आठवा : आधी साथीदार घडवायचा, मग त्याच्यासह काम करायचे. घटक वेगळे, प्राणी वेगळा, रचना तीच.

मग असा प्रश्न उरतो, की पूर्वज पेशींना बीएमपीसारखे संकेत आधीपासून मिळत असतानाही त्या आधीच ग्लिया का होत नाहीत? त्याला निदान दोन उत्तरे आहेत. सुरुवातीच्या काळात त्यांत न्यूरोजेनिन-१ हा चेतापेशी घडवणारा घटक भरपूर असतो, आणि तो स्मॅड-१ व पी-३०० यांची जोडी स्वतःकडे ओढून घेतो. वर ज्या मध्यस्थाविषयी सांगितले, तोच मध्यस्थ या काळात चेतापेशींच्या जनुकांवर गुंतलेला असतो, म्हणून तारकापेशींच्या जनुकांना तो मिळत नाही. हे २००१ मधले संशोधन आहे.

दुसरे उत्तर डीएनएवरच लिहिलेले असते. जीएफएपी जनुकाच्या पुढे स्टॅट-३ बसण्याची जी जागा आहे, तिच्यातील एका सी अक्षरावर भ्रूणाच्या साडेअकराव्या दिवशी मिथिल गट ही छोटी रासायनिक खूण चिकटलेली असते, आणि ती असेपर्यंत स्टॅट-३ तिथे बसू शकत नाही. साडेचौदाव्या दिवसापर्यंत ही खूण बऱ्याच पेशींत निघून जाते. ती निघते कशी? नुकत्याच जन्मलेल्या चेतापेशी शेजारच्या पूर्वज पेशींना नॉच या संकेतमार्गाने संदेश देतात. त्यामुळे पूर्वज पेशींत एनएफआयए वाढते, ते जीएफएपीच्या नियामक भागावर बसते आणि मिथिल खूण टिकवणारे डीएनएमटी-१ हे विकर तिथून दूर होते. म्हणजे पुरेशा चेतापेशी जन्मल्या, हे कळवण्याचे काम खुद्द चेतापेशीच करतात. आधी चेतापेशी आणि मग ग्लिया हा क्रम भ्रूण कोणत्या घड्याळावर पाळतो, याचा निदान एक काटा आपल्याला इथे दिसतो.

ऑलिग-२ या घटकाची हकिगतही सांगायला हवी. मेरुरज्जूच्या एका विशिष्ट पट्ट्यातील पूर्वज पेशींत तो असतो. या पेशी प्रथम स्नायूंना हलवणाऱ्या प्रेरक चेतापेशी तयार करतात, आणि नंतर अक्षतंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या ग्लिया. दोन्ही वेळा ऑलिग-२ हवाच असतो. एकच घटक दोन परस्परभिन्न पेशी कशा घडवतो? सुरुवातीला त्याच्या जोडीला न्यूरोजेनिन-२ कार्यरत असते, पुढे ते ओसरते आणि एनकेएक्स-२.२ सोबतीला येते. शिवाय ऑलिग-२ च्या साखळीतील १४७ व्या स्थानावरच्या सेरीनवर फॉस्फेट गट असतो तेव्हा पेशी प्रेरक चेतापेशीकडे झुकते, आणि तो निघाला की ऑलिग-२ कोणाशी जोडी जमवतो हे बदलते व ऑलिगोडेंड्रोसाइटकडे जाण्याचा मार्ग मोकळा होतो. एका अमिनो आम्लावरील एका लहानशा गटाने साथीदार बदलतो आणि साथीदाराबरोबर पेशीचे भवितव्य बदलते.

मेंदू-मेरुरज्जूच्या बाहेरील चेतांमध्ये श्वान पेशी मायलिन तयार करतात. तिथे सॉक्स-१० आणि क्रॉक्स-२० यांची जोडी असते; मायलिनमधील प्रमुख प्रथिनाच्या एमपीझेड या जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (जनुकातील, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तुकड्यात) दोघांनाही बसायला जागा आहेत. क्रॉक्स-२० चे मानवी जनुक म्हणजे ईजीआर-२. त्यातील काही उत्परिवर्तनांमुळे माणसांत मायलिनचे आनुवंशिक आजार होतात. आजाराचे कारण शोधताना केवळ एका जनुकाची अक्षरे वाचून भागत नाही, ते जनुक कोणासह काम करते हेही पाहावे लागते, हे डॉक्टरांनाही यामुळेच पटले आहे.

प्रश्न : यातले काही मला माझ्या प्रकल्पात स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल का? महाविद्यालयात प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक आहे.

उत्तर : अवश्य येईल. रेपो प्रथिनाला चिकटणारे ८डी१२ हे प्रतिपिंड आणि चेतापेशींतील एलाव्ह प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड, ही दोन्ही अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील हायब्रिडोमा बँकेतून सर्व संशोधकांना मिळतात. माशीची अंडी गोळा करून, त्यांचे बाह्य कवच सौम्य ब्लीचने काढून, स्थिरीकरण करून दोन रंगांत रंगवली, की उशिरापर्यंत वाढलेल्या भ्रूणाच्या पोटाकडील चेतारज्जूत दोन प्रकारची केंद्रके वेगवेगळी दिसतात. एलाव्हची दाटी असते. रेपोची केंद्रके मोजकी, उदराच्या प्रत्येक अर्ध्या खंडात सुमारे ३०, आणि डाव्या-उजव्या बाजूंना इतकी सारखी मांडलेली, की खंडामागून खंड मोजत जाता येते. एकाच केंद्रकात दोन्ही रंग एकत्र दिसत नाहीत. पहिल्या उत्तरातील ‘ग्लिया होणे आणि चेतापेशी न होणे’ हे वाक्य आपल्याला तिथे प्रत्यक्ष दिसेल.

मग चेतारज्जूच्या अगदी मध्यरेषेकडे पाहा. तिथे रेपोचा रंग नसेल. आपले रंगकाम बिघडले असे समजू नका. त्या मध्यरेषेवरही ग्लिया आहेत, पण त्या जीसीएमच्या आधाराने घडलेल्याच नाहीत आणि त्यांच्यात रेपोही नसते. त्यांना घडवणारा सिम हा घटक टँगोशी जोडी करून डीएनएवर बसतो, आणि अक्षतंतूंना मध्यरेषेवरून वाट दाखवणारे स्लिट हे जनुक तिथे चालू करण्यासाठी त्याला ड्रिफ्टर आणि डायकीट या आणखी दोघांची साथ लागते. प्रकल्पाला वेळ उरला, तर सिमच्या किंवा स्लिटच्या प्रतिपिंडाने तीच मध्यरेषा पुन्हा रंगवून पाहा. पहिल्या चित्रात जी जागा रिकामी दिसली होती, ती या वेळी भरलेली दिसेल.